जावेच्या बरडीवर आलेलं पाणी

माझ्या जावेच्या शेतात नहराचं पाणी पहिल्यांदा आलं, त्या दिवशी मी डोकं दुखण्याचं सोंग करून घरी पडून राहिले. सगळं गाव पाहायला गेलं होतं. म्हातारे गेले, लेकरं गेली, माझा नवरा तर सकाळीच गेला. दुपारी तो परत आला तेव्हा त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि चेहरा लग्नातल्या वऱ्हाड्यासारखा खुललेला.

"अवं, येऊन तं पाह्य एकदा," तो म्हणाला. "एप्रिलच्या उन्हात वावरात पाणी वाहून राहिलं. मी तं पायच बुडवून बसलो होतो."

"माझं डोकं दुखते," मी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

डोकं दुखत नव्हतं. कुठे दुखत होतं ते मला चांगलं माहीत होतं, पण त्याला औषध नव्हतं आणि ते कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. कारण ती बरड जमीन माझ्या जावेच्या वाट्याला आली होती ती माझ्यामुळेच.

आमचं गाव आंधळगावहून थोडं आत. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, भंडाऱ्याच्या दवाखान्यात शिपाई होते. आमच्या घराण्यात स्वतःची जमीन घेणारे तेच पहिले. पगारातून पोटाला चिमटा काढून त्यांनी दोन तुकडे घेतले. एक गावच्या जुन्या तलावाखाली, काळी चिकण माती, चारी बाजूंनी बांध घातलेली धानाची पक्की बांधी. दुसरा गावाच्या वरच्या अंगाला, लाल मुरमाची बरडी. तिथे तूर, जवस, फार तर पावसाच्या मर्जीनं हलका धान. दोन मुलांची लग्नं झाली आणि वर्षभरानं मामाजींनी वाटणीसाठी आम्हा चौघांना अंगणात बसवलं. जाऊ तेव्हा नवीच होती, डोक्यावरचा पदर सारखा सावरायची.

"मोठ्या सुनेनं आधी बोलावं," मामाजी म्हणाले.

त्यांनी हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवायच्या आधीच मी बोलून गेले, "तलावाखालची."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. दिरानं खाली पाहिलं. जावेनं मात्र मामाजींना विचारलं, "बरडीवर का होते जी, मामाजी?"

"पाऊस देईन ते होते, बाई."

तिनं मान हलवली. एक शब्द तक्रारीचा काढला नाही. तिनं तेव्हा भांडायला हवं होतं असं मला पुढे कितीदा वाटलं. भांडली असती तर हिशेब तिथेच मिटला असता.

पुढची बारा-तेरा वर्षं माझी होती. पावसाळ्यात तलाव भरायचा, सप्टेंबरात पावसानं दडी मारली की तलावाचं पाणी सोडायचं, आणि माझ्या बांधीत धान कमरेएवढा उभा राहायचा. घरातली बांबूची ढोली काठोकाठ भरायची. मामाजी आमच्याकडेच राहायचे. जावेनं बरडीवर विहीर खोदून पाहिली. खाली खडक लागला, विहीर कोरडी गेली. त्या खड्ड्यात नंतर पावसाळ्यात बेडकं तेवढी ओरडायची.

मार्च लागला की तिच्या घरचा तांदूळ संपायचा. रेशनचा पुरायचा नाही. मग ती पदराखाली घडी केलेली थैली घेऊन माझ्याकडे यायची. मी लगेच द्यायची नाही. आधी चहा ठेवायची, माहेरची खुशाली विचारायची, शेजारीण दारात दिसली तर तिलाही बोलवायची. मग ढोलीतून तांदूळ काढून थैलीत ओतायची आणि वर म्हणायची, "अजून घे, लाजते काहून?" दोन ओंजळी जास्त घालायची. त्या दोन ओंजळींचं सुख मला पुढे आठवडाभर पुरायचं. मी वाईट बाई होते असं मला तेव्हा कधीच वाटलं नाही. देणारा माणूस स्वतःला वाईट कशाला समजेल? रोवणीला ती माझ्या बांधीत मजुरीला यायची, मी तिला इतर बायांपेक्षा जास्त भाजी वाढायची, आणि ते सगळ्यांना दिसेल अशी वाढायची.

नहराची मोजणी झाली तेव्हा लोक हसले होते. मोठ्या धरणाचं पाणी इथवर येणार, हे आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून ऐकत होतो. खोदकाम झालं, नंतर कित्येक वर्षं त्या कोरड्या नहरात शेळ्या चरल्या. मग एका वर्षी काम पुन्हा सुरू झालं आणि कळलं की नहराची शेवटची छोटी फाटी, आम्ही तिला पाटच म्हणतो, गावाच्या वरच्या अंगानं येणार. म्हणजे बरडीच्या अंगानं. माझी बांधी पाणी मिळणाऱ्यांच्या यादीत नव्हती. मी नवऱ्याला नहराच्या कचेरीत पाठवलं. तो विचारून आला.

"ते म्हणते, तलावाखालची जमीन आधीच ओलिताची आहे. कागदावर तसंच आहे. तिले नहराचं पाणी भेटत नाही."

मी सुखी आहे असं कागदावर लिहिलेलं होतं, आणि त्याचीच मला शिक्षा झाली.

पाणी आलं त्या वर्षी जावेनं बरडी सपाट करून घेतली, बांध घातले, आणि पुढच्या जानेवारीत उन्हाळी धान लावला. मार्चमध्ये आमचं सगळं शिवार पिवळं-करडं असतं, नुसती धसकटं. त्यात तिचा तो एक हिरवा तुकडा. मी मोहाडीच्या बाजाराला जायची तेव्हा रस्त्यावरून तो दिसायचा. मी लुगड्याचा पदर त्या बाजूनं ओढून घ्यायची, ऊन लागतं म्हणून. बांधाच्या कडेनं तिनं कारली आणि वांगी लावली. आमच्या तलावावर येणारे बगळेसुद्धा उन्हाळ्यात तिच्याकडे जाऊ लागले. बगळ्यांचा राग येणारी बाई मीच असेन.

आणि इकडे तलाव मरत चालला होता. गाळानं अर्धा भरला, काठानं बेशरमची झुडपं माजली. आता तो डिसेंबरपर्यंतही टिकत नव्हता. एका वर्षी सप्टेंबरात पाऊस गेला तो आलाच नाही. तलावात नुसता चिखल. माझा धान पोटरीत आला आणि तिथेच थांबला. त्या वर्षी ढोली अर्धीसुद्धा भरली नाही. नवरा भावाच्या शेतात रोजीनं जाऊ लागला. संध्याकाळी येऊन सांगायचा, जावेनं धान कसा रांगेत लावला, पाणी कसं बेतानं देते, दुपारी कारल्याची भाजी कशी केली होती.

"अजी, तिथंच राहायले जा ना मंग," मी एकदा म्हणाले.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

मामाजीही सकाळी काठी टेकत बरडीवर जायचे आणि दिवस मावळताना यायचे. मी विचारलं, "दिवसभर का करता तिथं?" ते म्हणाले, "काही नाही. पाणी पाह्यतो." त्या जमिनीसाठी त्यांनी पोटाला चिमटा घेतला होता. आता तिथे पाणी खेळत होतं. म्हाताऱ्यानं ते पाहू नये का? पण मला वाटायचं, ते माझी निवड चुकली हे पाहायला जातात.

बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात खीर होते. तांदूळ दरवर्षी माझ्या घरचा जायचा, असा रिवाजच पडला होता. त्या वर्षी बायका आल्या आणि जरा घुटमळून म्हणाल्या, "यंदा नवीन तांदूळ धाकटीकडं निघाला आहे, तिच्याकडूनच घेतो म्हणतो." मी म्हणाले, "घ्या ना, कोणाचा बी असला तं काय." वंदना झाली, खीर वाटली. मी द्रोण हातात घेऊन बराच वेळ बसले. खीर चांगली होती. नव्या तांदळाचा वास येत होता. मी अर्धी खाल्ली आणि उरलेली कुत्र्याला घातली, कोणी पाहत नाही असं बघून.

दुसऱ्या दिवशी जाऊ माझ्या दारात आली. हातात भरलेली थैली.

"बाई, नवीन तांदूळ आहे. मामाजीले आवडते. ठेवा."

"आहे आमच्याकडं."

"आहे ना. पण हा ठेवा."

तिनं शेजारणीला बोलावलं नाही, चहाची वाट पाहिली नाही. थैली उंबऱ्याच्या आत ठेवली आणि गेली. मी ती थैली कोपऱ्यात सरकवली आणि घरात रेशनचा तांदूळ शिजवत राहिले. पावसाळा लागला तेव्हा पाहिलं तर तिच्या तांदळात सोंडे झाले होते. अन्नाची अशी नासाडी मी आयुष्यात पहिल्यांदा केली.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एप्रिल होता. मी पहाटे मोहफुलं वेचायला जायची. मोहाची झाडं पाटाच्या पलीकडे, आणि तिथून परतताना मी पाटाच्या काठानं यायची. एका ठिकाणी बैलगाडीचा जुना, वापरात नसलेला रस्ता पाट ओलांडतो, तिथे खालून सिमेंटचा पाइप टाकलेला आहे. त्या सकाळी पाहिलं तर पाइपाच्या तोंडात बेशरमच्या फांद्या, खताची फाटकी पोती आणि गाळ यांचा बोळा अडकलेला. पाणी मागे तुंबलं होतं आणि काठावरून उतरून नाल्यात चाललं होतं. पाइपाच्या पुढचा पाट कोरडा. पुढे फक्त जावेचंच शेत.

मी टोपली खाली ठेवली. फांदी हातानं ओढता आली असती. दहा-पंधरा मिनिटांचं काम. मी तिथे बसले, पाणी नाल्यात जाताना पाहिलं, आणि टोपली उचलून घरी आले.

दुसऱ्या दिवशी गेले. बोळा तसाच. तिसऱ्या दिवशी तसाच. रोज घरून निघताना मी ठरवायची की आज काढायचा, आणि तिथे पोचलं की ते हिरवं शेत डोळ्यांपुढे यायचं आणि हात उठत नसे. त्या बाजूला झुडपं इतकी की माझ्याशिवाय कोणी जात नव्हतं. वरून पाणी सोडलंय हे पाटकऱ्यानं सांगितलं होतं, म्हणून दिराला वाटलं वरचे शेतकरी चोरताहेत. जाऊ कचेरीत जाऊन आली. तिसऱ्या संध्याकाळी दीर फाटक्या सदऱ्यानं घरी आला. वरच्या एका शेतकऱ्याच्या अंगावर धावून गेला होता. तो बिचारा शपथा घेत होता की मी पाणी अडवलं नाही.

माझा नवरा मला म्हणाला, "धान निसवून राहिला आहे. आता पाणी नाही भेटलं तं पोचट होते सगळा."

मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी मामाजींचा डबा घेऊन मला बरडीवर जावं लागलं. ते बाभळीखाली बसले होते. जाऊ हातपंपावरून हंडा भरून आणत होती आणि एका कोपऱ्यातल्या धानाच्या मुळाशी ओतत होती. एवढ्या शेताला हंड्यानं पाणी! माती ते चुर्र करून पिऊन टाकायची आणि ती पुन्हा हातपंपाकडे जायची. मी पाहिलं, ती थांबली, एक लोंबी तोडली, त्यातला दाणा नखानं दाबला. कोवळ्या दाण्यातून दूध यायला हवं. तिनं दुसरा दाबला, तिसरा दाबला. मग लोंबी कमरेला खोचली आणि हंडा उचलला.

रडली असती तर मी कदाचित घरीच गेले असते. ते दाणे दाबून पाहणं मला सहन झालं नाही. मी डबा मामाजींपुढे ठेवला आणि सरळ पाइपाकडे गेले. बोळा चार दिवसांत घट्ट झाला होता. मी पाण्यात उतरले, कोपरापर्यंत हात घालून एकेक फांदी ओढली. पोत्यांत गाळ भरला होता, ती निघेनात. हात खरचटले, एक नख उलटलं. शेवटचं पोतं सुटलं तेव्हा पाणी असं जोरानं घुसलं की मी मागे पडले.

परत बरडीवर आले तेव्हा पाणी माझ्या आधी पोचलं होतं. दीर ओरडत होता, "सोडलं, वरच्यानं सोडलं!" मामाजी उभे राहिले होते. जाऊ मात्र माझ्याकडे पाहत होती. माझं लुगडं ओलं, हातांवर रक्त.

ती जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "बाई, कायले अडकलं होतं?"

"पाइपात. फांद्या होत्या. बेशरमच्या." ते नाव उच्चारताना माझी जीभ अडखळली.

"कवापासून?"

मी आजच दिसलं म्हणू शकले असते. तिनं मानलंही असतं.

"चार दिवसांपासून," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग शेताकडे. "जा तुमी घरी," ती म्हणाली. "हळद लावा हाताले."

त्या हंगामात तिचा अर्धा धान पोचट निघाला. तिनं ही गोष्ट दिराला सांगितली नाही, मामाजींना सांगितली नाही, गावात कोणालाच नाही. फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं. रस्त्यात भेटली की बाजूनं निघून जायची. बायका मला विचारायच्या, काय झालं तुमच्यात? मी म्हणायची, काही नाही. रोज वाटायचं की आज ती कोणाला तरी सांगेल आणि मी मोकळी होईन. तिनं मला मोकळं केलं नाही.

पावसाळ्यात पुन्हा तसंच झालं. सप्टेंबरात पाऊस गेला, तलाव आटला, माझ्यासह तलावाखालच्या दहा-बारा घरांचा धान वाळायला लागला. तेव्हा विहाराच्या सभागृहात बैठक झाली. बरडी उंचावर, तलाव खाली. पाटाचं शेवटचं पाणी जावेच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एक नाली काढून तलावात सोडलं तर तलाव भरेल, असं एका जाणत्या माणसानं सांगितलं. कचेरीची हरकत नव्हती. पण नाली जावेच्या जमिनीतून जाणार, म्हणजे तिची पट्टी जाणार. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते.

ती उठली. "नाली काढा," ती म्हणाली. "माझी एक अट आहे. पाइपापासून तलावापर्यंत पाण्याच्या दर पाळीले सफाई करा लागन. ते काम मोठ्या बाईनं करावं. स्वतः. मजूर लावून नाही."

लोक हसले. कोणी म्हणालं, "जावाजावांचं भांडण बैठकीत कायले आणता?" माझा नवरा रागानं उठत होता. मी त्याचा हात धरला.

"करतो मी," मी म्हणाले.

आठ दिवसांत गावानं श्रमदानानं नाली काढली. तलाव भरायला पाच दिवस लागले. माझ्या बांधीत पाणी शिरलं तेव्हा मातीच्या भेगांतून बुडबुडे निघत होते, ते मी धुऱ्यावर बसून पाहिले. धान वाचला. सगळा नाही, पण वर्ष काढता आलं. पुढच्या जानेवारीत मी एका तुकड्यात उन्हाळी धानही लावला.

तेव्हापासून पाणी सुटायच्या आदल्या दिवशी मी फावडं घेऊन जाते. पाइपात वाकून पाहते, फांद्या काढते, नालीतला गाळ उपसते. पहिली दोन वर्षं जाऊ नंतर येऊन स्वतः तपासायची, एक शब्द न बोलता. मग एकदा म्हणाली, "इथं थोडं खोल करा, बाई." एवढंच. पण तिनं माझ्याशी दोन वर्षांहून जास्त काळानं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि मी ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याला कळेना त्यात सांगण्यासारखं काय आहे. आता आम्ही बोलतो. रोवणीबद्दल, मामाजींच्या खोकल्याबद्दल, बियाण्याबद्दल. त्या चार दिवसांबद्दल कधीच नाही.

लोकांना वाटतं, माझ्याही शेतात पाणी आलं, घरात दोन्ही हंगामांचा तांदूळ आहे, आता मनात काही उरलं नसेल. उरलं आहे. तिच्या जागी मी असते तर सगळ्या गावाला ओरडून सांगितलं असतं, आणि नाली तर दिलीच नसती. हे मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. पिकाचा हेवा निदान पीक पाहून तरी होतो. हा हेवा कशाकडे पाहून करायचा तेच कळत नाही. कधी ती माझ्याशी नीट वागली की मला तिचा इतका राग येतो की मी उठून आत जाते आणि भांडी घासायला बसते.

परवा पाणीवाटपाच्या समितीची निवड झाली. एका बाईनं जावेचं नाव सुचवलं आणि विचारलं, कोणाची हरकत? कोणाचीच नव्हती. हात वर करायला सांगितले. समोरच्या रांगेतले हात गेले, मागचे गेले, माझ्या नवऱ्यानं तर दोन्ही हात वर केले आणि लोक हसले. जाऊ समोर उभी होती, कोणाकडे पाहत नव्हती. मी आधी पदर नीट केला, मग चष्मा काढून पुसला, मग हात वर केला.